छत्री कुणी लावायची?

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. पुढं ड्रायव्हरची सीट, मागं पलंग, मध्ये दोन शेगड्यांचं स्वयंपाकघर आणि कपाटाएवढं बाथरूम. ब्रिटनमध्ये निवृत्त झालेली कितीतरी जोडपी असं घर घेऊन फिरतात. आम्ही निवृत्त नाही. लेस्टरला नोकऱ्या करतो, घराचे हप्ते भरतो. पण लॉकडाऊननंतर एक जुनी मोटरहोम बऱ्या किमतीत मिळाली आणि नवऱ्याने ती घेतली. तेव्हापासून सुट्ट्या तिच्यातच जातात.

अशा गाडीत टीव्ही कशाला हवा, हा प्रश्न तुम्हाला पडेल. आम्हालाही पडला होता. आमच्याकडे फोन आहेत, फोनवर सगळं आहे. पण २०२५ च्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, तासगावहून आमच्याकडे चार महिन्यांसाठी येणार होते. आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. अण्णांचा संध्याकाळचा टीव्ही चुकत नाही. एकट्या माणसाच्या घरात बोलणारं कुणीतरी लागतं, आणि त्यांच्या घरात ते काम टीव्ही करत होता. त्यांना घेऊन स्कॉटलंडला जायचं तर गाडीत टीव्ही लागणार, हे नवऱ्यानेच ठरवलं.

मग कळलं की गाडीत टीव्ही घेणं ही सोपी गोष्ट आहे. त्याच्यावर चित्र आणणं अवघड.

मार्ग तीन. पहिला साधा अँटेना. पण ब्रिटनच्या डोंगराळ भागात, वेल्समध्ये किंवा स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, दरीत गाडी लावली की मनोरा आणि तुमच्यामध्ये अख्खा डोंगर येतो. दुसरा मार्ग मोबाइल नेटचा. तिथंही तीच अडचण: ज्या जागा बघायला आपण जातो, नेमक्या तिथंच फोनला काडी नसते. उरतो तिसरा, उपग्रह. तो डोंगरावरून बघतो.

ब्रिटनचे चॅनेल २८.२ अंश पूर्वेला असलेल्या ॲस्ट्रा उपग्रहांवरून येतात. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याच्याच वेगाने फिरतात, त्यामुळे आपल्याला ते आकाशात एकाच जागी खिळल्यासारखे असतात. आर्थर क्लार्कने १९४५ साली एका मासिकातल्या लेखात ही कल्पना मांडली होती. उपग्रह हलत नाही म्हणून घरावरची डिश एकदा लावली की विसरता येते. मोटरहोमचं दुखणं नेमकं हेच, की इथं घरच हलतं. रोज नवी जागा, आणि रोज तोच उपग्रह नव्याने शोधायचा.

त्याच्यासाठी बाजारात पुन्हा तीन प्रकार. सगळ्यात महाग म्हणजे छतावर कायमची बसवलेली स्वयंचलित डिश. बटण दाबलं की ती उठते, गोल फिरते, उपग्रह शोधते आणि थांबते. गाडी सुरू केली की आपोआप झोपते. हजार पौंडांच्या वर जाते. मधला प्रकार म्हणजे छतावरचीच, पण आतून हँडल फिरवून उभी करायची. तिसरा प्रकार सगळ्यात स्वस्त: तिपाई, सुटी डिश, दहा मीटर केबल आणि पी-पी करणारा छोटा सिग्नल मीटर. रोज गाडी लावली की बाहेर मांडायची, निघताना गुंडाळायची.

नवऱ्याचा कल स्वयंचलितकडे होता. दिवसभर गाडी चालवून आल्यावर पावसात तिपाई मांडायला कोण जाणार, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नाही. इथल्या पावसात तिपाई मांडणं हा काही आनंद नव्हे.

मी वही घेऊन बसले. आमच्या साध्या लायसन्सवर साडेतीन हजार किलोपर्यंतची गाडी चालवता येते, आणि या वजनात गाडी, माणसं, पाणी, गॅस, डब्यातलं पीठ, सगळं धरावं लागतं. छतावरची डिश दहा-पंधरा किलो खाणार. ती बसवायला छताला भोकं पाडावी लागणार, आणि जुन्या मोटरहोमचा खरा शत्रू म्हणजे छतातून झिरपणारं पाणी. आणखी एक मुद्दा: छतावरची डिश गाडी जिथं उभी असेल तिथूनच बघते. समोर झाड आलं की संपलं. तिपाई मात्र केबल पुरेल तिथवर उचलून नेता येते.

हे सगळे मुद्दे बरोबर होते आणि नवऱ्यालाही पटले. पण माझं खरं कारण मी वहीत लिहिलं नव्हतं.

अण्णा आमच्या भागातले जुने केबलवाले. १९९१ मध्ये स्टार टीव्ही सुरू झाला, एशियासॅट-१ या उपग्रहावरून. पुढच्या वर्षी त्याच उपग्रहावर झी आला. अण्णांचं तेव्हा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी कर्ज काढून जाळीची मोठी डिश आणली आणि आमच्या गच्चीवर उभी केली. तिला सगळे छत्रीच म्हणायचे. गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर, तिथून पिंपळाच्या फांदीवरून पलीकडच्या गल्लीत अशा वायरी गेल्या. एका चॅनेलला एक रिसीव्हर, एक मॉड्युलेटर. आमच्या माळ्यावरच्या खोलीत उन्हाळ्यात पंखा असूनही बसवत नसे, इतकी ती यंत्रं तापायची. रात्री साडेनऊला मालिका मध्येच गेली की लोक दारात येऊन उभे राहायचे आणि अण्णा जेवणावरून उठून गच्चीवर जायचे. आई ताट झाकून ठेवायची.

माझ्या लहानपणी अण्णांना गावात मान होता. तो पैशाचा नव्हता, पैसे तर लोक तीन-तीन महिने थकवायचे. तो मान ‘या माणसाला छत्री लावता येते’ याचा होता.

मग घराघरावर छोट्या डिश आल्या. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने फुकटची डिश सेवा सुरू केली, तीच पुढं डीडी फ्री डिश झाली. केबललाही सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि २०१७ पर्यंत ग्रामीण भागातसुद्धा जुनी ॲनालॉग केबल बंद झाली. नव्या यंत्रणेत छोट्या केबलवाल्याने मोठ्या कंपनीचा सिग्नल घ्यायचा आणि फक्त वसुली करायची. अण्णांनी ग्राहकांची यादी दुसऱ्याला देऊन टाकली. गच्चीवरची छत्री भंगारवाल्याने तुकडे करून नेली. त्या दिवशी अण्णा सांगलीला काहीतरी काम काढून गेले होते.

अशा माणसाला चार महिने आपल्या घरी आणून सोफ्यावर बसवायचं आणि गाडीत बटण दाबून दाखवायचं, ‘बघा, आता काही करावं लागत नाही,’ हे मला नको होतं. लेस्टरच्या घरात करण्यासारखं काय असतं? भांडी मशीन घासतं, गवत नवरा कापतो, बाहेर ओळखीचं कुणी नाही. गळका नळ त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केला. तिसऱ्या दिवशी ते खिडकीत बसले होते.

तिपाईचा खोका आला तो त्यांनीच उघडला. सगळे भाग जमिनीवर मांडले, नटबोल्ट मोजले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘एवढी पैशेवाली माणसं तुम्ही, आन् ही हातानं फिरवायची आणलीस? मला काम लावाय घेतलीस व्हय?’’

मी म्हटलं, ‘‘व्हय.’’

ते काही बोलले नाहीत. पण एलएनबी, म्हणजे डिशच्या पुढचं सिग्नल पकडणारं डोकं, हातात घेऊन म्हणाले, ‘‘ह्याला एकच तोंड हाय. दोन तोंडाचं मागव. एका छत्रीवर दोन टीव्ही चालत्यात.’’ गाडीसोबत आलेला एक छोटा जुना टीव्ही आमच्याकडं पडून होता, नवऱ्याच्या मित्राकडे जुना बॉक्स होता. मी दोन तोंडांचं मागवलं.

मग त्यांनी विचारलं, ‘‘आपली फ्री डिश लागंल का गं हितं?’’

नाही लागत. पण का लागत नाही हे आम्ही दोघांनी कागदावर काढलं. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. तासगावातून तो जवळपास ६० अंश उंचावर दिसतो, म्हणून आपल्याकडच्या डिश मान वर करून बघत असतात. लेस्टरहून तो कमी दिसतो असं नाही. तो दिसतच नाही. पृथ्वीच्या गोलाईमुळं क्षितिजाच्या खाली आहे. कितीही मोठी डिश लावा, मध्ये जमीन आहे. आणि ब्रिटनचा उपग्रह लेस्टरहून फक्त २४ अंश वर. अण्णा अंगणात उभे राहून समोरच्या घरांवरच्या डिश बघत होते. ‘‘म्हणून ह्या सगळ्या खाली मान घालून हायत,’’ ते म्हणाले.

दुसरी गंमत त्यांना जास्त आवडली. २०१४ च्या सुरुवातीला बीबीसीसारखे चॅनेल एका नव्या उपग्रहावर गेले, ज्याचा झोत मुद्दाम ब्रिटनपुरता आवळलेला आहे. कार्यक्रमांचे हक्क ज्या देशाचे, त्याच देशावर सिग्नल पडावा म्हणून. त्यामुळं दक्षिण स्पेनमध्ये राहणाऱ्या कितीतरी ब्रिटिश पेन्शनरांच्या डिश एका रात्रीत निकामी झाल्या. मोटरहोम घेऊन हिवाळ्यात स्पेनला जाणाऱ्यांनाही आता तिकडं लहान डिश चालत नाही. एशियासॅट-१ चा झोत मात्र आखाती देशांपासून चीनच्या पलीकडपर्यंत पसरलेला होता. तासगाव त्याच्या वाटेत आलं, एवढंच. अण्णा म्हणाले, ‘‘तवा ते सांडायचं, आमी भरून घ्यायचो.’’

जुलैच्या शेवटी आम्ही निघालो. अण्णा पुढच्या सीटवर. वाटेतल्या प्रत्येक गावात ते घरं बघत होते. मला वाटलं, दगडी घरांचं कौतुक आहे. ते डिश बघत होते. ब्रिटनमध्ये घराच्या भिंतीवर डिश असली की ती बहुतेक त्याच २८.२ अंशांकडं वळलेली असते. म्हणजे मुक्कामाच्या अलीकडच्या गावात नजर टाकली की दिशा कळली. ॲप नको, होकायंत्र नको. हे मला कुठल्याही माहितीपत्रकात मिळालं नव्हतं. दुसरी खूण त्यांनी उन्हावरून काढली. फोर्ट विल्यमच्या आसपास जुलैमध्ये सकाळी पावणेबाराच्या सुमाराला सूर्य साधारण त्याच दिशेला असतो, आग्नेयेच्या थोडा दक्षिणेला. उंचीवर जाऊ नका. सूर्य बराच वर असतो आणि उपग्रह तिथून फक्त १९ अंशांवर.

१९ अंश म्हणजे किती कमी, हे तिथं गेल्यावर कळतं. हात सरळ पुढं करा, मूठ वळा. एक मूठ साधारण १० अंश. क्षितिजापासून दोन मुठी. तेवढ्या उंचीवर झाडंच झाडं असतात.

आमची कॅम्पसाइट तळ्याकाठी होती आणि पाइनच्या झाडांनी भरलेली. अण्णांनी तिपाई एका जागी ठेवली, मीटर लावला, डिश बोटभर फिरवली. मीटर ओरडला. टीव्हीवर चित्र आलं तर दोन बायका जर्मन बोलत होत्या. शेजारचा उपग्रह, १९.२ अंशांवरचा. असं होतंच. मीटरला कुठलाही उपग्रह चालतो. अण्णांनी डिश किंचित पूर्वेला ढकलली, एलएनबी थोडा पिळला, कारण पश्चिमेकडं आणि उत्तरेकडं गेलं की त्याचा तिरका कोनही बदलतो, आणि बीबीसी आलं. मग त्यांनी तिपाईच्या मध्यात पाण्याचा भरलेला कॅन टांगला, वाऱ्याने पडू नये म्हणून. हे सगळं वीस मिनिटांत. एकाहत्तर वर्षांचा माणूस ओल्या गवतावर गुडघे टेकून बसला होता आणि मला म्हणत होता, ‘‘आत जा, क्वालिटी किती ते सांग. स्ट्रेंथ नको सांगू, क्वालिटी सांग.’’ लहानपणी मी गच्चीखाली उभी राहून हेच ओरडून सांगत असे: आलं, गेलं, मुंग्या आल्या.

शेजारी एक निवृत्त इंग्रज जोडपं होतं. त्यांची गाडी आमच्या दुप्पट, छतावर स्वयंचलित डिशचा पांढरा घुमट. घुमट तासभर आतल्या आत फिरत होता. समोर पाइनची रांग. त्यांना दुसरी जागा मिळत नव्हती, कॅम्पसाइट भरलेली होती. आणि दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, महिलांच्या युरो कपची फायनल होती, इंग्लंड विरुद्ध स्पेन.

त्याच दिवशी मँचेस्टरला भारत-इंग्लंड चौथ्या कसोटीचा शेवटचा दिवस होता. कसोटीचं थेट चित्र बघायला वेगळी वर्गणी लागते आणि ती आमच्याकडं नव्हती. पण उपग्रहावर बीबीसीचे रेडिओ चॅनेलही फुकट असतात, आणि त्यांतल्या एकावर दिवसभर समालोचन चालतं. अण्णा सकाळपासून छोट्या टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर बसून ऐकत होते. भारताचा दुसरा डाव शून्यावर दोन बाद असा सुरू झाला होता. आता सामना वाचवायचा होता. इंग्रजी त्यांना निम्मं कळतं, पण क्रिकेटचं इंग्रजी सगळं कळतं.

संध्याकाळी शेजारचं जोडपं खुर्च्या घेऊन आलं. अण्णांनीच बोलावलं होतं, हाताने खुणा करून. मोठा टीव्ही गाडीच्या मांडवाखाली बाहेर, त्याच्यावर फुटबॉल. छोटा आत, त्याच्यावर क्रिकेट. छत्री एकच, तोंडं दोन. नवऱ्याने चहा केला, मी कांदाभजी तळली. मँचेस्टरला बेन स्टोक्सने सामना बरोबरीत सोडवायला हात पुढं केला आणि जडेजा-सुंदरनी तो घेतला नाही. दोघं शतकाच्या जवळ होते. दोघांनीही शतक पूर्ण केलं, मगच खेळ थांबला. आतून अण्णांचा आवाज आला, ‘‘सोडलं न्हाय पोरांनी!’’ बाहेर सामना पेनल्टीवर गेला आणि इंग्लंड जिंकलं. शेजारच्या आजी उठल्या आणि त्यांनी अण्णांना मिठी मारली. आमच्याकडं बायका असं करत नाहीत, त्यामुळं अण्णा ताठ उभे राहिले आणि मग त्यांनी आजींच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

जाताना त्यांच्या नवऱ्याने डिशकडं बोट दाखवून अण्णांना विचारलं, तुम्ही हे काम करत होता का? मी भाषांतर करायच्या आत अण्णा म्हणाले, ‘‘येस. ट्वेंटी फाइव्ह इयर्स.’’

त्या रात्री अण्णांनी आईबद्दल बोलायला सुरुवात केली. तिला गच्चीवरच्या वायरींचा किती राग यायचा, वाळवणाला जागा राहायची नाही म्हणून. वर्षभरात ते पहिल्यांदा बोलत होते. टीव्ही बंद होता. मी मध्ये काही विचारलं नाही.

सप्टेंबरअखेर अण्णा परत गेले. आता ऑफिसात कुणी मोटरहोम घेतली की मला विचारतं, डिश कुठली घेऊ? मी खरं ते सांगते. एका रात्रीचा मुक्काम असेल, रोज गाडी हलवायची असेल, वाकायला त्रास होत असेल आणि मोकळ्या माळावर उतरणार असाल, तर पैसे असल्यास स्वयंचलित घ्या. आठवडाभर एकाच ठिकाणी राहणार असाल, झाडीत उतरणार असाल, तर तिपाई. शहरांच्या जवळच फिरणार असाल तर डिशच नको, नेटवर भागेल. घरचं टीव्ही लायसन्स फिरत्या गाडीलाही चालतं. आणि स्पेनला जाणार असाल तर आधी झोताचा नकाशा बघा.

एवढं सांगून मी विचारते, गाडीत कोण कोण असणार आहे? लोकांना हा प्रश्न डिशशी संबंधित वाटत नाही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघंच पीक डिस्ट्रिक्टला गेलो. पाऊस होता. नवरा म्हणाला, राहू दे, फोनवर बघू. मी रेनकोट घालून बाहेर गेले. डिशच्या मागच्या कोनाच्या पट्टीवर अण्णांनी मार्करने खुणा करून ठेवल्यात: लेस्टर २४, फोर्ट विल्यम १९. मी त्या दोन्हींच्या मध्ये, लेस्टरच्या जवळ धरलं आणि अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं रात्रीचे अकरा वाजले होते. ते चष्मा शोधून आले, माझ्या फोनमधून माझी तिपाई बघितली आणि म्हणाले, ‘‘पाण्याचा कॅन कुठाय? आधी तो टांग.’’